आणि ऑस्कर जातं... दुसरीलाच!

तुमच्या ऑफिसात 'आर अँड आर' होतं का हो? रिवॉर्ड्स अँड रेकग्निशन. शुक्रवारी चार वाजता सगळ्यांना कॅफेटेरियात बोलावतात, एचआरची मुलगी माइक हातात घेऊन 'हॅलो, चेक' करते, समोसे गार होत असतात आणि भिंतीवरच्या पीपीटीवर तीन नावं झळकतात. 'स्टार ऑफ द क्वार्टर'ची नॉमिनेशन्स! त्यातलं तिसरं नाव तुमचं. शेजारचे दोघं-तिघं कोपराने ढोसतात, 'पार्टी, पार्टी'चा गलका होतो, कुणीतरी लॅपटॉपवर ड्रमरोल वाजवतं आणि... पुकारलं जातं भलतंच नाव.

आता पुढची अडीच सेकंदं महत्त्वाची. अख्खी टीम तुमच्या चेहऱ्याकडे बघतेय. हसायचं तर आहे, पण किती? जास्त हसलात तर खोटं दिसतं, कमी हसलात तर जळकुकडे ठरता. टाळ्या आधी वाजवायच्या की मान आधी डोलवायची? इंडक्शनमध्ये फायर ड्रिलपासून ईमेलच्या सहीपर्यंत सगळं शिकवतात, हे एवढं कुणी शिकवत नाही.

मी एका कंटेंट एजन्सीत साडेतीन वर्षं होते. तेवढ्या काळात माझं नाव त्या पीपीटीवर चारदा आलं. ट्रॉफ्या शून्य. चौथ्या वेळी तर मी मीटिंगआधी वॉशरूमच्या आरशासमोर ते हसू प्रॅक्टिस करून गेले होते. छान जमलं. एक कलीग नंतर म्हणाली पण, 'तुला काही फरकच पडत नाही ना गं? यू आर सो कूल!' मी म्हटलं, 'छे गं, मला कुठे इंटरेस्ट आहे त्यात.' आणि रिक्षात बसल्यावर वाकडेवाडीपासून कोथरूडपर्यंत रडले.

त्या रात्री लॅपटॉपवर एकापाठोपाठ एक क्लिप्स बघत बसले होते. ऑस्करच्या. जिंकणाऱ्यांच्या नाही, हरणाऱ्यांच्या. स्क्रीनवर पाच चौकटी, पाच चेहरे, पाकीट फुटतं, एक चेहरा उजळतो आणि उरलेले चार टाळ्या वाजवायला लागतात. या उरलेल्या चारांत एक बाई मला पुन्हा पुन्हा दिसत होती. गाऊन वेगळा, केसांची स्टाइल वेगळी, वय वाढलेलं, पण बाई तीच. केट विन्स्लेट.

आपण जे कॅफेटेरियात चाळीस जणांसमोर करतो, ते तिने साऱ्या जगासमोर केलं. पाच वेळा.

सँडविच करणारी पोरगी

केट मूळची इंग्लंडमधल्या रेडिंगची. जन्म ५ ऑक्टोबर १९७५. घरात नाटक होतं, पैसा नव्हता. आईचे आईवडील गावात छोटं थिएटर चालवायचे. वडील रॉजर नट, पण कामं मिळाली नाहीत की पडेल ते काम करायचे. केट सोळाव्या वर्षी शाळेतून बाहेर पडली आणि एका डेलीकटेसनमध्ये, म्हणजे थंड मांस आणि चीज विकणाऱ्या दुकानात, सँडविचेस बनवायला लागली. ते करत असतानाच पीटर जॅक्सनच्या 'हेवनली क्रीचर्स'साठी निवड झाल्याचं तिला कळलं. हो, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला पीटर जॅक्सन. सिनेमा आला १९९४ मध्ये, आणि समीक्षकांनी या नव्या पोरीचं नाव लिहून ठेवलं.

पुढच्याच वर्षी 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'. जेन ऑस्टिनची कादंबरी, पटकथा एमा थॉम्पसनची, दिग्दर्शक आँग ली. केटला खरं तर एका छोट्या भूमिकेसाठी बोलावलं होतं. ती ऑडिशनला गेली आणि जणू काही एजंटचा घोळ झालाय असं दाखवत मोठी भूमिका, मॅरिअनची, वाचून आली. आपल्याकडे इंटरव्ह्यूला जाऊन 'एक्झिक्युटिव्हची नको, मॅनेजरची पोस्ट द्या' म्हणण्यातला प्रकार! पण भूमिका मिळाली. त्या भूमिकेसाठी तिला बाफ्टा मिळालं, म्हणजे ब्रिटनचा सगळ्यात मानाचा चित्रपट पुरस्कार. अमेरिकेतल्या नटनट्यांच्या संघटनेचा, स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डचाही पुरस्कार मिळाला. वय वर्षं वीस. ऑस्करचं नॉमिनेशन आलं तेव्हा वाटलं असेल, की झालंच आता.

२५ मार्च १९९६ ला सहायक अभिनेत्रीचं पाकीट फुटलं. मीरा सॉर्विनो. केटच्या टाळ्या नंबर एक.

अकरा ऑस्कर, तिला शून्य

मग 'टायटॅनिक' आला. तो १९९७ चा, आपल्याकडे १९९८ मध्ये लागला. तेव्हा मी जेमतेम रांगत असेन, पण आमच्या घरात त्याची कॅसेट होती आणि तो चित्रकलेचा सीन आला की बाबा उठून पाणी प्यायला जायचे. दरवेळी. त्या काळात मराठी घरांमध्ये तहान लागायच्या जागा ठरलेल्या होत्या!

'टायटॅनिक'ला चौदा नामांकनं होती, त्यातली अकरा जिंकली. बोट, पाणी, गाणं, कपडे, आवाज, एडिटिंग, सगळ्याला बाहुली मिळाली. अभिनयाला मात्र एकही नाही. लिओनार्दो दि काप्रियोला तर नामांकनसुद्धा नव्हतं आणि तो सोहळ्याला फिरकलाच नाही. केट गेली. अलेक्झांडर मॅक्क्वीनने जिवान्शीसाठी केलेला भरतकामाचा हिरवा गाऊन घालून गेली आणि मुख्य अभिनेत्रीचं बक्षीस हेलन हंटला जाताना टाळ्या वाजवून आली. गंमत बघा, त्या वर्षी पाच नामांकनांपैकी चार ब्रिटिश होत्या: ज्युडी डेंच, ज्युली क्रिस्टी, हेलेना बॉनम कार्टर आणि केट. पाचवी अमेरिकन. ती जिंकली. आणि घरच्या बाफ्टाने तर केटला रोझच्या भूमिकेसाठी नामांकनातही घेतलं नव्हतं. त्या बाफ्टात 'टायटॅनिक'ला दहा नामांकनं होती आणि पुरस्कार एकही नाही.

एक ट्रिव्हिया सांगते, पुढच्या क्विझ नाइटला वापरा. 'टायटॅनिक'मधली म्हातारी रोझ म्हणजे ग्लोरिया स्टुअर्ट. तिलाही सहायक अभिनेत्रीचं नामांकन होतं. एकाच सिनेमातल्या एकाच पात्रासाठी दोघींना ऑस्करचं नामांकन, हे तेव्हा पहिल्यांदाच घडलं. दुसऱ्यांदा कधी घडलं? 'आयरिस' या सिनेमात. लेखिका आयरिस मर्डॉक म्हातारपणी ज्युडी डेंच, तरुणपणी... केट विन्स्लेट! दोन्ही वेळा तीच. आणि दोन्ही वेळा तिच्या हाती काही लागलं नाही. २००२ मध्ये सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर गेलं जेनिफर कॉनलीला. 'आयरिस'साठी जिम ब्रॉडबेंटला मिळालं, म्हणजे केट तिथे आपल्या सिनेमासाठी टाळ्या वाजवत होती हे एक बरं.

'टायटॅनिक'नंतर तिने काय केलं, हा भाग मला फार आवडतो. जगातली सगळ्यात मोठी हिट नावावर असताना बाई 'शेक्सपिअर इन लव्ह' नाकारते (तो केला ग्वीनेथ पाल्ट्रोने आणि ऑस्कर घरी नेलं) आणि छोट्या छोट्या सिनेमांमध्ये घुसते. त्यातला एक, जेन कॅम्पियनचा 'होली स्मोक', तर थेट आपल्याकडे येऊन शूट केला. दिल्लीत आणि पुष्करला. गुरूच्या नादी लागलेली ऑस्ट्रेलियन मुलगी आणि तिला 'बरी' करायला घरच्यांनी आणलेला माणूस. सिनेमा फारसा चालला नाही. मी मात्र तो दोनदा पाहिलाय.

क्लेमेंटाइनचं काय?

आता माझ्या जखमेवर येते. २००४, 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड'.

ब्रेकअप झाल्यावर ही फिल्म पाहिली नाही असा माझ्या वयाचा माणूस मला दाखवा. मी पाहिली तेव्हा होस्टेलवर होते, मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला. एका लॅपटॉपसमोर आम्ही पाच जणी. कधी निळ्या, कधी केशरी, कधी हिरव्या केसांची क्लेमेंटाइन, जी जोएलची आठवण डोक्यातून पुसून घेते, दवाखान्यात जाऊन, पैसे भरून. नेहमी बडबड करणारा जिम कॅरी इथे घुम्या आणि उधळलेली आहे ती केट. लोकांनी तिला घट्ट कॉर्सेट आणि पिरियड ड्रामाची बाई म्हणून खोक्यात घातलं होतं. तिने ते खोकंच फाडलं. माझ्या मते हे तिचं सगळ्यात चांगलं काम. कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

ऑस्करने काय केलं? नामांकन दिलं. मूळ पटकथेचं बक्षीस सिनेमाला मिळालं. आणि २७ फेब्रुवारी २००५ च्या रात्री मुख्य अभिनेत्री हिलरी स्वँक, 'मिलियन डॉलर बेबी'. त्याच वर्षी बाफ्टात मुख्य अभिनेत्रीच्या गटात केटला दोन नामांकनं होती, 'इटर्नल सनशाइन' आणि 'फाइंडिंग नेव्हरलँड'. स्वतःच स्वतःची स्पर्धक! ते इमेल्डा स्टाँटन घेऊन गेली. (दोन्ही जिंकणाऱ्या उत्तमच होत्या हो, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. बेल कर्व्ह असतो तसंच हे. पाचही जण भारी असले तरी 'एक्सीड्स' एकालाच.)

इथे नॉमिनेशनचा फंडा समजून घ्यायला हवा. ऑस्करमध्ये अभिनयाची नामांकनं ठरवतात ती अकादमीतली नटमंडळीच. म्हणजे ज्यांना हे काम करताना काय लागतं ते ठाऊक आहे, ते. जिंकणारं नाव मात्र अकादमीच्या सगळ्या शाखांचे सदस्य मिळून ठरवतात. कॅमेरामन, एडिटर, प्रॉडक्शनवाले, पब्लिसिटीवाले, सगळे. तेव्हा मग कुणाची कॅम्पेन जोरात, कुणाची 'बारी' आलीय, असल्या गोष्टी घुसतात. आपल्या भाषेत, नॉमिनेशन म्हणजे टीमचा पीअर रिव्ह्यू आणि पुरस्कार म्हणजे मॅनेजमेंटचं कॅलिब्रेशन. पीअर रिव्ह्यूमध्ये केट पहिल्यापासून पास होती.

पाचवी वेळ 'लिटिल चिल्ड्रन'ची. २५ फेब्रुवारी २००७. समोर 'द डेव्हिल वेअर्स प्राडा'ची मेरिल स्ट्रीप (सगळ्या बॉस लोकांची आराध्यदेवता), पेनेलोपी क्रूझ, पुन्हा ज्युडी डेंच, आणि 'द क्वीन'मधली हेलन मिरेन. राणीसमोर कोण टिकणार? टाळ्या नंबर पाच. वय एकतीस. गोल्डन ग्लोब्जमध्येही तोपर्यंत पाच नामांकनं, शून्य पुरस्कार.

विनोद खरा झाला

या सगळ्याच्या मधे, २००५ मध्ये, केटने एक भन्नाट प्रकार केला होता. रिकी जर्व्हेज आणि स्टीफन मर्चंटची 'एक्स्ट्राज' नावाची ब्रिटिश विनोदी मालिका होती. तिच्यात मोठे स्टार्स स्वतःचीच वाईट आवृत्ती बनून यायचे. केट आली ती नन्सच्या पोशाखात. दुसऱ्या महायुद्धातल्या सिनेमाचं शूटिंग चाललंय. रिकीचं पात्र तिचं कौतुक करतं, की असा विषय लोकांसमोर आणताय, ग्रेट! ती सरळ म्हणते, की कसलं काय, चार वेळा नॉमिनेट होऊन एकदाही मिळालं नाही, होलोकॉस्टचा सिनेमा केला की ऑस्कर पक्कं, म्हणून करतेय. या पाहुण्या भूमिकेसाठी तिला एमीचं नामांकन मिळालं. (नामांकन. जिंकली दुसरीच. सांगायला नकोच.)

आणि मग २००८. नवरा सॅम मेंडिसच्या दिग्दर्शनात, 'टायटॅनिक'नंतर पहिल्यांदाच लिओसोबत, ती 'रिव्होल्युशनरी रोड' करते. त्याच वेळी दिग्दर्शक स्टीफन डॉल्ड्रीला 'द रीडर'साठी केट हवी होती, पण तारखा जुळेनात, म्हणून निकोल किडमनला घेतलं होतं. निकोलला दिवस राहिले, तिने सिनेमा सोडला, भूमिका परत केटकडे आली. हॅना श्मिट्झ: ट्रामची कंडक्टर, वाचता न येणारी आणि पुढे उघड होतं की नाझी छळछावणीवरची पहारेकरी. थोडक्यात, होलोकॉस्टचा सिनेमा!

११ जानेवारी २००९ ला गोल्डन ग्लोब्जमध्ये जे झालं ते अजून बघायला मिळतं, जरूर बघा. आधी 'द रीडर'साठी सहायक अभिनेत्री. त्याच रात्री 'रिव्होल्युशनरी रोड'साठी मुख्य अभिनेत्री. एकाच रात्री दोन! बाई स्टेजवर गेली आणि श्वासच लागेना. स्वतःलाच सावरायला सांगतेय, बाकीच्या चौघी नायिकांची माफी मागतेय, त्यांची नावं घेता घेता एक विसरतेय... कोण विसरावी? अँजेलिना जोली! त्याच सोहळ्यात रिकी जर्व्हेजने स्टेजवरून तिला चिडवून घेतलं, की मी सांगितलं होतं ना, होलोकॉस्टचा सिनेमा कर म्हणून.

ब्रिटिश प्रेसने तिची यथेच्छ टिंगल केली. इतकं रडायचं? इतकं हवं होतं? तिकडे इंग्लंडात जिंकल्यावर किंचित लाजायचं असतं, 'अरे, मी कुठला' असा चेहरा करायचा असतं. सदाशिव पेठेत काय वेगळं असतं म्हणा! पण त्या सुमारास मुलाखतींमध्ये तिला विचारलं, की ऑस्कर हवंय का, तर तिने आडवळणं घेतली नाहीत. हवंय म्हणाली. शिवी घालून म्हणाली.

हे वाचलं आणि मला माझं रिक्षातलं रडणं आठवलं. मी कूल नव्हते. मला ती प्लास्टिकची ट्रॉफी हवी होती. तिच्यासोबत मिळणारं दोन हजारांचं व्हाउचरही हवं होतं, पण ट्रॉफी जास्त हवी होती. हे म्हणायला मला चार वेळा हरावं लागलं. पुढच्या सोमवारी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, 'सर, मला ते हवं होतं. काय कमी पडलं, सांगाल का?' ते इतके गोंधळले की चहा मागवला. मग म्हणाले, 'अगं, तू कधी बोलली नाहीस. आम्हाला वाटलं, तुला असल्या गोष्टींत रस नाही.'

घ्या! माझं आरशासमोरचं प्रॅक्टिस केलेलं हसू फारच चांगलं जमलं होतं.

ती सोमवारची सकाळ

ऑस्करचं गणित अजून बाकी होतं. 'द रीडर'च्या वितरकांनी, म्हणजे हार्वी वाइनस्टीनच्या कंपनीने, केटचा प्रचार सहायक अभिनेत्री म्हणून चालवला होता. मुख्य गटात 'रिव्होल्युशनरी रोड' असेल, दोघांची टक्कर नको. पण अकादमीतल्या नटमंडळींनी ते ऐकलं नाही. सिनेमाभर ही बाई दिसतेय आणि हिला सहायक म्हणता? त्यांनी 'द रीडर'ला मुख्य गटात टाकलं. ऑस्करच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे एका गटात एका कलाकाराचं एकच काम येत असे. त्यामुळे 'रिव्होल्युशनरी रोड'मधल्या एप्रिलचा पत्ता कट. त्या सिनेमाला एकूण तीन नामांकनं मिळाली, त्यात केटही नाही आणि लिओही नाही.

२३ फेब्रुवारी २००९. अमेरिकेत रविवारची रात्र, आपल्याकडे सोमवारची सकाळ. मी सहावीत होते, शाळा दुपारची. बाबांनी चक्क हाफ डे टाकलेला. 'स्लमडॉग मिलिअनेर'ला दहा नामांकनं, सीएसटी स्टेशन ऑस्करमध्ये, रहमान ऑस्करमध्ये! आई पोळ्या लाटता लाटता बाहेर येऊन बघत होती. रसूल पुकुट्टीला साउंडसाठी मिळालं तेव्हा बाबा उभेच राहिले. रहमानला दोन मिळाली तेव्हा शेजारचे काका पेढे घेऊन आले. सिनेमाला शेवटी आठ मिळाली. आमच्या घरात त्या सकाळी एवढंच महत्त्वाचं होतं.

मधे कुठेतरी पाच मोठ्या नायिका स्टेजवर येऊन उभ्या राहिल्या. त्या वर्षी अशी पद्धत होती, की आधी जिंकलेल्या पाच जणींनी येऊन नामांकन मिळालेल्या पाच जणींबद्दल बोलायचं. सोफिया लॉरेन, शर्ली मॅक्लेन, हॅली बेरी, मारिऑन कोटिलार्ड. आणि पाचवी निकोल किडमन, जिने हीच भूमिका सोडली होती. केटचं नाव पुकारलं गेलं. एका खांद्याचा करडा गाऊन घातलेली ती बाई वर आली आणि बोलायला लागली. आठ वर्षांची असल्यापासून ती हे भाषण बाथरूमच्या आरशासमोर करत आलीय, हातात शाम्पूची बाटली धरून. आता हातात आहे ती शाम्पूची बाटली नाही, एवढाच फरक! मग एवढ्या गर्दीत आपले आईवडील कुठे बसलेत ते तिला दिसेना. ती स्टेजवरून वडिलांना म्हणाली, की शिट्टी वाजवा, म्हणजे कळेल. आणि रॉजर विन्स्लेट, ज्यांना आयुष्यभर कामं मिळाली नव्हती, त्यांनी खणखणीत शिट्टी मारली.

हसले सगळे. बाबाही हसले. मला आठवतं ते एवढंच, की बाबा म्हणाले, 'बघ, बापाला शिट्टी मारायला लावली पोरीने.'

त्या भाषणात तिने खूप जणांची नावं घेतली. शूटिंगच्या वर्षात वारलेल्या दोन निर्मात्यांची, अँथनी मिंगेला आणि सिडनी पोलॅकची घेतली. मेरिल स्ट्रीपला लाडात टोमणाही मारला. एक नाव घेतलं नाही: वाइनस्टीन. २०१७ मध्ये त्याची सगळी प्रकरणं बाहेर आल्यावर केटने सांगितलं, की ते गाळणं मुद्दाम होतं. 'हेवनली क्रीचर्स' अमेरिकेत त्याच्या कंपनीने वितरित केला होता आणि तो भेटेल तिथे तिला ऐकवायचा, की तुला पहिला सिनेमा कुणी दिला ते विसरू नकोस. असा बॉस प्रत्येकाला कधी ना कधी भेटतो. आपण फेअरवेल मेलमध्ये त्याचंही नाव घालतो. तिने घातलं नाही.

आता प्रश्न असा, की तिला 'द रीडर'साठी मिळालं ते बरोबर होतं का? चांगलं काम आहे, यात शंका नाही. पण क्लेमेंटाइनसमोर? एप्रिलसमोर? मला विचाराल तर तिला हे ऑस्कर चार वर्षं उशिरा आणि वेगळ्या सिनेमासाठी मिळालं. तुमचं प्रमोशनही असंच होतं बघा. ज्या प्रोजेक्टसाठी रात्री जागवल्या त्या वर्षी 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स', आणि पुढे कधीतरी दुसऱ्याच कशासाठी टाळ्या. मागची थकबाकी चुकती होते, पावती मात्र दुसऱ्याच नावाची.

त्यानंतरचं सगळं भराभर सांगते, कारण तिथे फारसं टेन्शन नाही. टीव्हीवर 'मिल्ड्रेड पिअर्स' (२०११) आणि 'मेअर ऑफ ईस्टटाउन' (२०२१), दोन्हींसाठी एमी. लहान मुलांच्या गोष्टींच्या अल्बमसाठी २००० मध्येच ग्रॅमी मिळालेलं. म्हणजे रंगभूमीचं टोनी तेवढं राहिलंय. २०१२ मध्ये सीबीई हा ब्रिटिश किताब. २०१६ मध्ये 'स्टीव्ह जॉब्ज'साठी गोल्डन ग्लोब आणि तिसरं बाफ्टा. ऑस्करचं सातवं नामांकनही त्याचंच. ते अलिशिया विकँडरला गेलं, पण त्याच रात्री लिओला अखेर त्याचं पहिलं मिळालं.

त्या २०१६ च्या बाफ्टानंतर केटने एक आठवण सांगितली. चौदा वर्षांची असताना अभिनय शिकवणाऱ्या शिक्षिकेने तिला म्हटलं होतं, की जाड्या मुलींच्या भूमिकांवर समाधान मानलंस तर तुझं बरं चालेल. चौदाव्या वर्षी ऐकलेलं वाक्य चाळिसाव्या वर्षी, हातात बाफ्टा असताना, शब्दन् शब्द लक्षात होतं. 'टायटॅनिक'च्या वेळी टॅब्लॉइड्सनी तिच्या वजनावर रकाने भरले होते, २००३ मध्ये एका मासिकाने कव्हरवर तिला कंप्युटरवर बारीक केलं तेव्हा तिने जाहीरपणे झापलं होतं, 'मेअर'च्या वेळी दिग्दर्शकाने पोटाचा फुगवटा कापतो म्हटल्यावर 'खबरदार' म्हणाली होती. ट्रॉफी हातात असली तरी असली वाक्यं जात नाहीत. निदान तिने ती लपवली नाहीत.

'ली' या सिनेमासाठी तिने वर्षानुवर्षं पैसे उभे केले. दुसऱ्या महायुद्धातली फोटोग्राफर ली मिलर. निर्माती ती, नायिका ती, एकदा तर युनिटचे दोन आठवड्यांचे पगारही तिनेच भरले. जानेवारी २०२५ च्या गोल्डन ग्लोब्जला तिला दोन नामांकनं होती, एक 'ली'साठी आणि एक टीव्हीवरच्या 'द रेजीम'साठी. दोन्हीकडे दुसरीच जिंकली. केट होती तिथे. टाळ्या वाजवल्याच.

माझं? त्या केबिनमधल्या चहानंतर दोन क्वार्टर्सनी माझं नाव पीपीटीवर पाचव्यांदा आलं आणि पाचव्यांदा गेलं. यावेळी मी प्रॅक्टिस केली नव्हती, त्यामुळे चेहरा पडला आणि सगळ्यांना दिसला. जिंकलेली मुलगी स्वतःहून माझ्या डेस्कपाशी आली, आम्ही खाली जाऊन वडापाव खाल्ला. वर्षभराने मी फ्रीलान्स झाले. गेल्या महिन्यात पत्रकारितेच्या एका पुरस्काराच्या अंतिम यादीत माझं नाव आलंय. पाच जण आहेत. निकाल पुढच्या शनिवारी.

केटने आपलं ऑस्कर कुठे ठेवलंय माहितीय? बाथरूममध्ये. पाहुण्यांना ते हातात घ्यायचं असतं पण मागायला लाज वाटते, म्हणून. ती म्हणते, कुणी घेतलं ते बरोब्बर कळतं. आतून फ्लशचा आवाज येतो आणि तरी दार काही उघडत नाही. माणूस आत आरशासमोर उभा असतो.

आमच्या घरी बाथरूममध्ये फक्त शाम्पूची बाटली आहे. काल आईने दार वाजवून विचारलं, 'अगं, झालं की नाही अजून? कुणाशी बोलतेयस?'


म्हटलं, 'आलेच. बाबांचं नाव राहिलं होतं.'